फोमचंच तर आहे!

इथे कॅलिफोर्नियात पावसाळी थंडी ओसरली की आमच्या अपार्टमेंटमागच्या पार्कात दोन गोष्टी उगवतात. एक म्हणजे पिवळी रानफुलं आणि दुसरी म्हणजे हातात रिमोट घेतलेले आपले देशी बांधव. रानफुलांचा कुणाला त्रास नसतो.

मी रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे दर वर्षी या सुमाराला कोणी ना कोणी कॉफी मशीनपाशी गाठून विचारतोच, "कुठलं विमान घेऊ, सांग ना." माझं उत्तर ठरलेलं आहे. विमान नंतर, आधी शनिवारी सकाळी आठ वाजता माझ्याबरोबर क्लबच्या मैदानावर चल. हे ऐकून समोरच्याचा चेहरा असा काही पडतो की जणू मी त्याला वधूवर मेळाव्याचं आमंत्रण दिलंय!

मग पुढचे संवादही ठरलेलेच. "अरे फोमचंच तर आहे, त्याने काय होतंय?" "क्लब म्हणजे सगळे रिटायर्ड गोरे आजोबा ना?" आणि सगळ्यात लाडका, "आठवडाभर प्रोसेस, रिव्ह्यू, अप्रूव्हल हेच चालू असतं यार. वीकेंडला तरी नियम नकोत." पुढच्या आठवड्यात त्याच्या दारात खोका येऊन पडलेला असतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात खोक्यातलं विमान पार्कातल्या ओकच्या झाडावर.

आजचा लेख या मंडळींवर आहे. चिडून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो.

फोमपासून सुरुवात करू. आपण सगळे इंजिनियर, बारावीला फिजिक्समध्ये नव्वदच्या वर मार्क काढलेले. मग हा हिशोब एकालाही का सुचू नये? अर्धा एम व्ही स्क्वेअर. साधं दोन किलोचं ट्रेनर विमान ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने चाललंय असं धरा. झाले ६२५ ज्यूल. आता आपल्याला कळेल असं माप घेऊ. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. बुमराहने तो १४० च्या वेगाने टाकला तर होतात १२० ज्यूल. म्हणजे ते ट्रेनर म्हणजे बुमराहचे पाच चेंडू, एकाच वेळी, एकाच जागी. "पण माझं तर छोटं आहे, किलोभराचंच, आणि हळू उडतं." ठीक. एक किलो, ताशी ५४ किलोमीटर. ११२ ज्यूल. बुमराहचा एक चेंडू, बिनहेल्मेटच्या डोक्यावर. झेपेल?

फोम चेपतो, आघात पसरवतो, हे मान्य. पण फोम असतो पंखांना आणि शेपटीला. माणसावर आधी आदळतं ते नाक, आणि नाकात असते मोटर, मोटरचा लोखंडी दांडा, आणि त्याच्या मागे विटेसारखी बॅटरी. शिवाय पुढे फिरत असतो प्रोपेलर. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या वर जातो. (करून बघा, दोन ओळींचं गणित आहे.) तेलावर चालणाऱ्या जुन्या छोट्या इंजिनात बोट गेलं तर निदान इंजिन बंद पडण्याची शक्यता असायची. इलेक्ट्रिक मोटरला अडथळा आला की ती आणखी करंट ओढते आणि फिरायचा प्रयत्न चालूच ठेवते. म्हणून क्लबात बॅटरी जोडली की ते विमान "जिवंत" धरतात. कोणीतरी किंवा काहीतरी त्याला मागून धरून ठेवलेलं हवं, प्रोपेलरच्या समोर आणि रेषेत कोणी नको, आणि थ्रॉटल कटचा स्विच टाकलेला हवा. पार्कात हेच विमान पिकनिकच्या टेबलावर, पोहे आणि मुलांच्या मधोमध, बॅटरी जोडून ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

बॅटरीचंही तेच. लिथियम पॉलिमर, पूर्ण चार्ज झाल्यावर सेलमागे ४.२ व्होल्ट. विमान आपटलं, सेल चेंबला, तर लगेच किंवा पंधरा मिनिटांनी पेट घेऊ शकतो. आमच्याकडे मे ते ऑक्टोबर डोंगर वाळून कोळ झालेले असतात. क्लबच्या मैदानावर पाणी, फावडं आणि आग विझवायचं सिलिंडर कायम हाताशी असतं ते याचसाठी. पडलेली बॅटरी लगेच गाडीत टाकायची नाही, मोकळ्या जागी वाळूत ठेवून लक्ष ठेवायचं, हेही तिथे पहिल्याच दिवशी सांगतात. पार्कातला बांधव आपटलेली बॅटरी बॅकपॅकमध्ये घालून घरी नेतो आणि पलंगाखाली ठेवतो. असो.

पण सेफ्टीचं भाषण द्यायला मी बसलेलो नाही. ते ऑफिसात दरवर्षी असतं आणि आपण सगळे ते दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवून काम करतो. माझा राग जरा वेगळ्या गोष्टीवर आहे. पार्कात उडवणाऱ्या या लोकांना मजा येतच नाही. आणि ती येत नाहीये हे त्यांना कळतही नाही, कारण यापेक्षा वेगळं काही त्यांनी पाहिलेलंच नाही.

एकदा बाकावर बसून पार्कातलं एक उड्डाण नीट बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. सेकंदाला पंधरा मीटर जाणारं विमान टेनिस कोर्टाची लांबी दीड सेकंदात पार करतं. शंभर मीटरचं पार्क सात सेकंदांत संपतं. म्हणजे उडवणारा सतत वळतोय. वळताना एक डोळा विमानावर, दुसरा झोपाळ्यांवर. तेवढ्यात कोणीतरी स्ट्रोलर घेऊन येतं, कोणाचा तरी लॅब्राडोर विमानामागे सुटतो, बायको ओरडते "अहो, तिकडे नको", आणि विमान त्याच्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. मग घाबरून चुकीकडे स्टिक, मग झाड. एकूण उड्डाण दोन मिनिटं. या दोन मिनिटांत तो विमान उडवत नव्हता, विमानापासून माणसांना आणि माणसांपासून विमानाला वाचवत होता. खाली उतरवल्यावर तो जो सुस्कारा टाकतो ना, त्याला तो थ्रिल म्हणतो. प्रॉडक्शनवर थेट बदल केल्यावर पेजर वाजला नाही की आपण टाकतो तोच तो सुस्कारा.

आता क्लबचं मैदान. दिसायला काही विशेष नाही. कापलेल्या गवताची धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी, पत्र्याची शेड, टेबलं, आणि कमरेएवढं जाळीचं कुंपण. कुंपणाच्या पुढे उडवणाऱ्यांनी उभं राहायच्या चार-पाच जागा आखलेल्या. त्यांच्या समोरून एक रेष जाते. सगळी माणसं रेषेच्या अलीकडे, सगळी विमानं रेषेच्या पलीकडे. अख्खा क्लब म्हणजे खरं तर ही एक रेष आहे, बाकीचे नियम तिच्या पोटात येतात. आणि गंमत अशी, की ती रेष एकदा मानली की पलीकडे तुम्ही काय वाट्टेल ते करा. लूप मारा, रोल करा, उलटं उडवा, आकाशातून गिरक्या घेत खाली आणा. आपटलं तर आपटलं, आजोबा टाळ्या वाजवतात आणि तुकडे गोळा करायला पिशवी आणून देतात. मैदानाच्या त्या बाजूला कुणी माणूस नाही हे माहीत असल्यामुळे पूर्ण डोकं विमानात घालता येतं. ज्याच्या कोडला टेस्ट्स आहेत तोच बेधडक रिफॅक्टर करतो, ज्याच्या नाहीत तो आयुष्यभर जुन्या फंक्शनला हात लावायला घाबरतो, हे आपल्याला कामाच्या जागी कुणी शिकवायला लागत नाही. मग शनिवारी सकाळी हे कुठे जातं?

या लोकांचे नियम किती साधे आणि किती विचार करून बनवलेत, याचं माझं एक आवडतं उदाहरण आहे. २००५-०६ च्या आसपास २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट यायला लागले. त्याआधी अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा होता, त्यात ५० चॅनेल. दोघांनी एकाच चॅनेलवर रिमोट चालू केला की हवेत असलेल्याचं विमान गेलंच म्हणून समजा. त्यावरचा उपाय काय? एक लाकडी फळी, तिच्यावर प्रत्येक चॅनेलचा एकच कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमटा तुमच्या ॲन्टेनावर लागल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही, उडवून झालं की चिमटा परत फळीवर. मंडळी, हे म्युटेक्स आहे! लाकूड आणि चिमटे वापरून केलेलं, खुर्चीवर बसलेल्या एका आजोबांच्या देखरेखीखाली चालणारं. आमच्या शेडमध्ये ती फळी अजून टांगलेली आहे. नवीन रिमोटना तिची गरज नाही, पण मला तिच्यासमोरून जाताना दर वेळी बरं वाटतं.

नवीन रिमोट आले म्हणून सगळं आपोआप सुरक्षित झालं असंही नाही. रिमोट आणि विमानाचा संबंध तुटला तर विमानाने काय करायचं, हे आधी सांगून ठेवावं लागतं. नीट सांगितलं नसेल तर काही रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून बसतात. म्हणजे शेवटची आज्ञा "अर्धा थ्रॉटल" असेल तर विमान अर्ध्या थ्रॉटलने क्षितिजाकडे निघून जातं. म्हणून उडवण्याआधी विमान पक्कं धरून ठेवायचं, थोडा थ्रॉटल द्यायचा, रिमोट बंद करायचा, आणि मोटर थांबते का ते बघायचं. मग रिमोट कमी ताकदीच्या मोडवर टाकून तीस पावलं लांब जायचं आणि सगळे भाग हलतात का ते तपासायचं. मग स्टिक उजवीकडे, तर उजव्या पंखाचं एलेरॉन वर गेलं का? हे शेवटचं हास्यास्पद वाटतं ना? दुरुस्तीनंतर एलेरॉन उलटे जोडले जाणं हे विमानं पडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. सगळं मिळून तीन मिनिटं लागतात. आपण एका ओळीच्या बदलासाठी वीस मिनिटं बिल्ड चालवतो.

आणि मग शिकवणं. क्लबात तुमचा रिमोट शिक्षकाच्या रिमोटला जोडतात, पूर्वी वायरने, आता बिनवायरचा. शिक्षकाने एक स्प्रिंगचा स्विच दाबून धरला की विमान तुमच्या हातात. त्याने बोट उचललं की त्याच क्षणी विमान त्याच्याकडे. पेअर प्रोग्रॅमिंगवर आपण इतकी पुस्तकं वाचली, पण असा स्विच कोणी केला नाही! मला शिकवणारे आजोबा आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले. फार कमी बोलायचे. विमान आपल्याकडे येताना दिशा उलट्या होतात त्यावर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, जो पंख खाली गेलाय त्याच्या खाली स्टिकचा टेकू दे. बस. यूट्यूबवर याच विषयावर वीस मिनिटांचे व्हिडिओ आहेत.

"पण आता विमानात जायरो असतो, पॅनिक बटण असतं, सोडून दिलं तर आपोआप सरळ होतं." होतं की. मी पण नवशिक्यांना तेच घ्यायला सांगतो. वर पंख असलेलं, सव्वा मीटरच्या आसपासचं, हळू उडणारं, जायरोवालं ट्रेनर घ्या. पण जायरोला फक्त एवढंच कळतं की विमान सरळ आहे की तिरकं. समोर रनवे आहे की सॉकर खेळणारी पोरं, हे त्याला माहीत नसतं. तो विमानाला अगदी सरळ, अगदी स्थिर ठेवून त्या पोरांमध्ये नेऊन घालेल.

हे मी घाबरवायला बोलतोय असं वाटत असेल तर जुनी गोष्ट बघा. ९ डिसेंबर १९७९, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. जेट्स आणि पेट्रियट्सच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मॉडेल विमानांचा खेळ ठेवला होता. गवत कापायच्या यंत्राच्या आकाराचं एक विमान, लोकांना हसवायला. ते भरकटून प्रेक्षकांत घुसलं. दोघे जखमी झाले, त्यातला एक जण दगावला. उडवणारे शिकाऊ नव्हते, क्लबवाले होते. चुकली होती ती जागा. समोर विमान, चारही बाजूंना माणसं. रेष काढायला जागाच नव्हती.

आणि क्लबवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये म्हणून दुसरी गोष्ट. ५ सप्टेंबर २०१३, ब्रुकलिन. मॉडेल उडवायला परवानगी असलेलं पार्क, १९ वर्षांचा मुलगा, हातात मोठं कसरतीचं हेलिकॉप्टर. नवशिका अजिबात नव्हता, त्याच्या कसरतींचे व्हिडिओ लोक बघायचे. हेलिकॉप्टरचं पातं त्याच्याच डोक्याला लागलं आणि तो जागीच गेला. जागा बरोबर होती, हात तयार होता. स्वतःपासूनचं अंतर कमी पडलं. त्यामुळे क्लबचं कार्ड खिशात असलं म्हणजे झालं असं मी म्हणत नाही. कौशल्य वाढलं की अंतर कमी केलं तरी चालतं, ही समजूतच मुळात घातक आहे, आणि ती क्लबातही असते. फरक एवढाच की क्लबात कोणीतरी मागून ओरडतं, "अरे, जवळ येतोयस." पार्कात ओरडणारं कोणी नसतं, उलट बघे म्हणतात, "अजून खाली आण ना!"

आता स्वातंत्र्याकडे वळू, कारण "वीकेंडला नियम नकोत" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो. अमेरिकेतला कायदा एकदा वाचा म्हणावं. अडीचशे ग्रॅमच्या वरचं काहीही हवेत न्यायचं तर एफएएकडे नोंदणी हवी, पाच डॉलर, तीन वर्षांसाठी, आणि नंबर विमानावर बाहेरून दिसेल असा. मौजेसाठी उडवणाऱ्या प्रत्येकाला ट्रस्ट नावाची छोटी फुकट परीक्षा. नियंत्रण नसलेल्या हवाई हद्दीत ४०० फुटांची मर्यादा, विमानतळाजवळ आधी परवानगी. आणि १६ मार्च २०२४ पासून रिमोट आयडीची अंमलबजावणी जोरात सुरू झाली. म्हणजे विमान कुठे आहे आणि कुठून उडालं हे सतत जाहीर करणारं एक यंत्र विमानात बसवायचं. पण यातून सूट असलेल्या काही जागा एफएएने मान्य केल्या आहेत. अशी मान्यता मागायचा हक्क कोणाला? एफएएने मान्य केलेल्या मॉडेल उडवणाऱ्यांच्या संघटनांना आणि शिक्षणसंस्थांना. म्हणजे व्यवहारात बहुतेक क्लबची मैदानंच! त्या मैदानाच्या हद्दीत, डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरात, माझं हाताने बनवलेलं बाल्साचं विमान कसलंही यंत्र न लावता उडतं. पार्कातल्या स्वातंत्र्यवीराच्या विमानाला ते लावावं लागतं. (लावलेलं नसतं, हा भाग वेगळा.) नियम नकोत म्हणून जो पळाला तो जास्त नियमांत जाऊन पडला आणि त्याला पत्ताही नाही.

क्लबच्या लोकांना ही सूट कोणी दया म्हणून दिलेली नाही. इथली राष्ट्रीय संघटना, एएमए, १९३६ पासून आहे. सुरक्षिततेचे नियम स्वतः लिहायचे, स्वतः पाळायचे, सभासदांचा विमा काढायचा, हे त्यांनी सरकार विचारायच्या कितीतरी आधीपासून केलंय. त्या साठलेल्या पुण्याईवर ही सूट मिळते. आणि ती पुण्याई खर्च कोण करतं? जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पॅलिसेड्सची आग लागली होती, तेव्हा एका ड्रोनची आग विझवणाऱ्या विमानाशी टक्कर झाली. विमानाच्या पंखाला भोक पडलं, ते विमान ऐन वेळी जमिनीवर बसलं. ड्रोन उडवणारा कोणी टवाळ पोरगा नव्हता, व्हिडिओ गेमच्या धंद्यात मोठं काम केलेला छप्पन्न वर्षांचा माणूस होता. पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून त्याने ड्रोन सोडला, आग बघायला लांब पाठवला, आणि मग तो दिसेनासा झाला. पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. आपल्याच बिरादरीतला माणूस. "मला टेक्नॉलॉजी कळते" असं ज्यांना वाटतं त्यांनी ही बातमी दोनदा वाचावी.

पुण्या-मुंबईचे वाचक म्हणतील, तुमचं बरं आहे, आमच्याकडे मैदानं कुठे आहेत? खरं आहे, कमी आहेत. पण निमित्तही फार चालतात. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले, त्यात मॉडेलना बरीच मोकळीक आहे. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण-संशोधन किंवा मौजेसाठीचं, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल असेल तर त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पुण्यात लोहगावचा तळ हवाई दलाचा, खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे आधी नकाशा बघा, मग जागा शोधा. वेताळ टेकडीवर सकाळी सातला फिरायला आलेल्या काका-काकूंच्या डोक्यावरून विमान नेणं हा जागेच्या टंचाईवरचा उपाय नाही. शहराबाहेर एखाद्या शेतकऱ्याशी बोलून, भाडं देऊन पाच-सात जणांनी माळरान घेणं हा आहे. आठवड्याला एका माणसाचा पब आणि उबरवर जितका खर्च होतो त्यात महिन्याचं भाडं निघावं. आणि शिकवायला माणूस हवा असेल तर एनसीसीच्या एअर विंगमधून गेलेला एखादा मित्र शोधा. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात, तारेवर गोल फिरणारी विमानं उडवून त्यांचे हात तयार झालेले असतात.

तसं आपल्याला हे सगळं नवीन नाही. संक्रांतीला आई ओरडायची ना, "पतंग मैदानात जाऊन उडव, गच्चीवर नको"? आपल्याला तेव्हा तो जाच वाटायचा. पण मैदानात गेल्यावरच ढील देता यायची, पळता यायचं, पेच लावता यायचे. आणि नायलॉन मांजाने दरवर्षी बंदी असूनही दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात, तेव्हा विकणाऱ्याचं आणि उडवणाऱ्याचं वाक्य काय असतं? "साधा दोराच तर आहे."

क्लबची बाजू घेतोय म्हणून तिथे सगळे संतच भरलेत असं नाही. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, ते नवीन माणसाला नाव विचारायच्या आधी सभासद कार्ड विचारतात. पहिल्या शनिवारी तुमच्याशी कोणी बोलणार नाही, तिसऱ्या शनिवारी कोणीतरी तुमचं विमान उचलून "हा गुरुत्वमध्य मागे गेलाय" असं न विचारता सांगेल, आणि तो खरंच मागे गेलेला असेल. ड्रोनवाल्यांकडे काही जण अजून असे बघतात की जणू सोवळ्यात कोणी चपला घालून आलं. राजकारणाच्या गप्पा सुरू झाल्या की मी गाडीत जाऊन बॅटऱ्या मोजतो. हे सगळं आहे. पण मला सांगा, नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या टीमने तुमचं काय आरतीचं ताट घेऊन स्वागत केलं होतं? तिथे आपण सहा महिने धीर धरतो, कारण शिकायचं असतं. इथे पंधरा मिनिटांत निकाल, "म्हाताऱ्यांचा क्लब आहे."

आणि म्हाताऱ्यांचा आहे कारण आपण जात नाही. आमच्या गेल्या वार्षिक सभेला चाळिशीच्या आतले आम्ही तिघे होतो. गवत कापायचं यंत्र चालवणाऱ्या दोघांपैकी एकाचा गुडघा बदललाय. मैदान भाड्याचं आहे. मी आलो तेव्हा पश्चिमेला नुसती जर्दाळूची जुनी बाग होती, आता तिथे दुमजली घरांची रांग आहे, आणि त्यातली बरीचशी आपल्यासारख्याच लोकांनी घेतलीत. मार्चमध्ये भाड्याचा करार नव्याने व्हायचा आहे. गेल्या वर्षी त्या घरांपैकी एकाकडून पत्र आलं होतं, तुमचं विमान आमच्या अंगणात पडलं, मुलं खेळत होती. विमान आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं. आमच्या सेक्रेटरीने शेडमधली हजेरीची वही काढून मालकाला दाखवली. तारीख बुधवारची होती, त्या दिवशी मैदानावर कोणी आलंच नव्हतं. अंगणात सापडलं ते फोमचं, कालपरवा खोक्यातून काढलेलं, ना त्याच्यावर नोंदणीचा नंबर, ना मालकाचं नाव. मालकाने तेव्हा मान डोलावली आणि पत्र फाइलला लावलं. मार्चमध्ये ती फाइल पुन्हा उघडेल.